फुलांचे पंचांग

इ. स. १८४८ ते १८५० या काळात जोसेफ हूकर हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ सिक्कीमच्या डोंगरांत हिंडला आणि तेथील ऱ्होडोडेंड्रॉनचे बी त्याने विलायतेस धाडले. त्यांतील फाल्कोनेरी जातीची पाने वीत-दीड वीत लांब, खालच्या अंगास तांबूस लवेने मढलेली. फुले सायीच्या रंगाची. या रुबाबदार वृक्षाने तेथील हौशी बागाईतदारांना वेड लावले. बियांपासून फुलापर्यंत वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. तरीही कॉर्नवॉलच्या आडोशाच्या दऱ्यांत तो रुजला. दमट गारवा, आम्लधर्मी माती आणि वाऱ्यापासून संरक्षण, हे त्याचे माहेर त्याला तेथे लाभले.

मग हिमालयाचा हा पुत्र बंगळूरच्या लालबागेचे भूषण का होऊ नये? हैदरअलीने १७६० मध्ये आरंभिलेल्या या बागेत देशोदेशींची झाडे आली. परंतु बंगळूरची उंची सुमारे ३,००० फूट, आणि फाल्कोनेरीचे घर त्याच्या तिप्पट उंचीवर. निलगिरीवर त्याचा लाल फुलांचा एक भाऊबंद आहे. तोही थंड माथे सोडून सहसा खाली उतरत नाही. हवामानाचा हा नकार ऐकून घेणे, हेच उद्यानशास्त्राचे पहिले पाऊल होय.

हे शास्त्र बंगळुरात ज्याने सिद्ध केले, तो गुस्ताव्ह क्रुंबिगेल. जन्माने जर्मन आणि क्यूच्या उद्यानात तयार झालेला हा माळी १८९३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यास आला. मराठी राजाच्या पदरी अनुभव घेऊन १९०८ मध्ये तो म्हैसूर संस्थानात दाखल झाला. परदेशी झाडांचे त्याला वावडे नव्हते. मात्र येथील उन्हात सुखाने नांदतील, अशांचीच तो निवड करी. दक्षिण अमेरिकेचा जॅकरंडा, मादागास्करचा गुलमोहर अशी झाडे रस्त्यांकडेला लावताना एकाचा बहर ओसरावा आणि दुसऱ्याचा उमलावा, असा क्रम त्याने योजिला. राजवाड्याच्या कुंपणाआडची शोभा अशा रीतीने वाटसरूच्याही वाट्यास आली.

क्रुंबिगेल १९५६ मध्ये बंगळुरातच निवर्तला. पुढे शहर वाढले. रस्ते रुंद करताना कितीतरी जुने वृक्ष पडले. तोडलेल्या झाडाबदली कोठेतरी रोप लावले की हिशेब चुकता झाला, असे मानले जाते. पण त्या क्रमातील झाड गेले, की फुलांच्या पंचांगातील एक महिना कोरा राहतो, आणि तो भरून येण्यास एक पिढी जावी लागते.