खारपाणपट्टा, नीला आणि एका दंतवैद्याचे आडनाव

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. मूत्रपिंडविकारांच्या संदर्भात त्याचे नाव वारंवार घेतले जाते. पाण्यातील क्षारांचा त्यात वाटा किती, यावर संशोधकांचे एकमत नाही. आम्हांला येथे पाहावयाचा आहे तो त्यापुढचा इतिहास, डायलिसिससाठी रक्ताला करून द्याव्या लागणाऱ्या वाटेचा.

१९६६ साली न्यूयॉर्कमध्ये ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटाजवळ रोहिणी आणि नीला एकमेकींना जोडून ही वाट कायमची करून दिली. तिला फिस्टुला म्हणतात. पण तो वापरण्याजोगा व्हायला काही आठवडे लागतात, आणि खेड्यातला रुग्ण पुष्कळदा अखेरच्या घटकेलाच अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या दवाखान्यात पोचतो. तेव्हा मानेतून अथवा गळ्याजवळच्या हाडाखालून छातीतल्या मोठ्या नीलेत नळी घालावी लागते. जीव वाचतो, मात्र नळी घासून नीलेची भिंत जाड होते, आतली पोकळी आकसते. पुढे त्याच बाजूच्या हातात फिस्टुला केला की वाढलेल्या रक्ताला परतीची वाट अपुरी पडते आणि हात खांद्यापर्यंत सुजतो. जीव वाचविणाऱ्या उपचारानेच जन्माला घातलेला हा विकार आहे.

चार्ल्स डॉटर यांनी १९६४ साली अमेरिकेत पायाची आकसलेली रोहिणी शस्त्रक्रियेविना, आतूनच रुंदावली होती. मोठ्या नीलांत हा उपाय अपुरा ठरे. फुग्याने ताणलेली भिंत पुन्हा मिटे. म्हणून १९८० च्या दशकापासून तेथे धातूची जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसवू लागले. या शब्दाची कुळकथा तर भाषेच्या अभ्यासकाने ऐकावीच अशी आहे. चार्ल्स स्टेंट हे एकोणिसाव्या शतकातील लंडनचे दंतवैद्य; दातांचा ठसा घेण्याचा त्यांचा लगदा प्रसिद्ध होता. पहिल्या महायुद्धात एसर या डच शल्यविशारदाने तोच लगदा त्वचारोपणात आधारासाठी वापरला. पुढे लगदा मागे पडला, आडनाव तेवढे आधार देणाऱ्या वस्तूला चिकटून राहिले. अर्थविस्ताराचे उदाहरण म्हणून आमच्या वर्गांत ते सहज खपेल!

स्टेंटही काही महिन्यांत आतून पुन्हा आकसू शकतो. मग फुगा पुन्हा, कधी दुसरा स्टेंट. त्यामुळेच मूत्रपिंडविकार वाढू लागताच रुग्णाला सांगितले जाते, एका हाताच्या शिरा राखून ठेवा, त्या हाताला सलाइनची सुई टोचू देऊ नका.