बुद्धिबळ-प्रशिक्षणाची मोफत साधने : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

महाराष्ट्रात बुद्धिबळाचे शिक्षण प्रामुख्याने मंडळांच्या आश्रयाने वाढले. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी १९४१ मध्ये सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले. सांगलीच्याच भाग्यश्री साठे पुढे पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या ठरल्या. आज सशुल्क ऑनलाइन प्रशिक्षणाला मोफत पर्याय आहेत. २००८ मध्ये आलेले स्टॉकफिश चालींचे मूल्यमापन करते. २०१० पासूनच्या लिचेसवर कोडी, विश्लेषण व अभ्यासपाठ मिळतात. तथापि चाल का चुकली हे विद्यार्थ्याच्या कलाने उलगडून सांगणारा जाणकार त्यांत नाही. ते कार्य मंडळाचे होय. ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखी वेद वदविले त्या रेड्याची समाधी परंपरेने आळे येथे मानली जाते. अशा गावी मोफत साधनांना सामूहिक अभ्यासाची जोड देणे उचित ठरेल.