फूल आणि दोन पाने

निवडणुकीत माणूस मते मागायला जातो आणि शब्द शिकून परत येतो, असे कोणी मला तेव्हा सांगितले असते तर मी हसलो असतो. १९६७ च्या जानेवारीत मी १९ वर्षांचा होतो, सावंतवाडीचा होतो आणि माझे आजोळ म्हापशाला होते. प्रचारक व्हायला त्या दिवसांत एवढी पात्रता पुष्कळ होती.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. आता त्याने महाराष्ट्रात यावे, की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावे? एवढाच प्रश्न १६ जानेवारी १९६७ रोजी मतदारांपुढे होता. महाराष्ट्राच्या बाजूची खूण फूल, दुसऱ्या बाजूची दोन पाने. वेगळे घटक राज्य व्हावे, असे पुष्कळांच्या मनात होते. पण मतपत्रिकेवर तो पर्यायच नव्हता. प्रश्न ज्या शब्दांत विचारला जातो, ते शब्द अर्धे उत्तर आधीच ठरवून टाकतात, हा खरे तर पहिला धडा. पण तो मला फार उशिरा उमगला.

आम्ही अर्थातच फुलाचे. आमचा शब्द ‘विलीनीकरण’. आमच्या घरात तो मोठा मंगल शब्द होता. १९४८ साली सावंतवाडी संस्थान विलीन झाले, त्या दिवसाची हकीगत वडील एखाद्या सणाची सांगावी तशी सांगत. अशा लाडक्या शब्दाचे वजन कोण करून पाहतो?

बार्देशातल्या एका वाड्यावर मी माझे पाठ केलेले भाषण केले. “नदी जशी सागराला मिळते, तसा गोवा महाराष्ट्राला मिळणार आहे!” अंगणात मिरच्या वाळत घालणाऱ्या एका म्हातारीने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि ती शांतपणे म्हणाली, “न्हंय दर्याक मेळ्ळी काय उदक खारें जाता, पुता. मागीर तें पियेवंक मेळना.”

नदी समुद्राला मिळाली की पाणी खारे होते, मग ते प्यायला मिळत नाही! खाडीकाठची बाई, भरतीचे पाणी आत चढताना ती रोज पाहत होती. माझे सोबती हसले, मीही हसलो. रात्री जेवताना तो किस्सा मी मामीला सांगितला, तेव्हा ती मात्र हसली नाही.

“अरे, मी आरती मराठीत म्हणते, तुझ्या आईला पत्र मराठीत लिहिते. पण पोरांवर रागावते ती कोंकणीत. तिला तुम्ही नुसती बोली म्हणता. माझा राग काय बोलीतला नि तुमचा भाषेतला?”

मला उत्तर सुचले नाही. संस्कृतात ‘ली’ धातूमागे ‘वि’ लागला की विरघळणे, नाहीसे होणे, असा अर्थ होतो, हे मी शाळेत शिकलो होतो. त्या रात्री ते प्रथम समजले. मौज अशी की, मुंबईसाठी आपण झगडलो तेव्हा आपण निवडलेला शब्द होता ‘संयुक्त’. जोडले तरी जोडलेले दोघे त्यात शिल्लक राहतात. स्वतःसाठी आपण ‘संयुक्त’ घेतला आणि शेजाऱ्याला ‘विलीन’ देऊ केला!

समोरची माणसे शब्दांच्या बाबतीत शहाणी होती. ‘केंद्रशासित प्रदेश’ हा कचेरीतला शब्द त्यांनी वाड्यावाड्यांवर नेलाच नाही. त्यांची घोषणा होती ‘आमचें गोंय आमकां जाय’. महाराष्ट्रात दारूबंदी आहे, मग माडावर चढणाऱ्या रेंदेराने खायचे काय, असे ते विचारीत. आणि मडगावचे ‘राष्ट्रमत’ दैनिक, त्यातले उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर, विलीनीकरणाविरुद्ध लिहीत होते ते चक्क मराठीत! आमचेही सगळेच शब्द काही वाया गेले नाहीत. ‘कसेल त्याची जमीन’ म्हटले की कूळ मान वर करून पाही. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत फुलाचा जोर होता, तो काही संस्कृत शब्दांमुळे नव्हे.

निकाल लागला. पानांना १,७२,१९१ मते, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. मी सावंतवाडीला परतलो तो मान खाली घालूनच.

पण खरा धडा पुढेच होता. त्याच वर्षी मार्चमध्ये निवडणूक झाली आणि गोमंतकीयांनी विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच सत्ता दिली. भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. जानेवारीत “कोण व्हाल?” असे विचारले होते, मार्चमध्ये “कोणाच्या हाती कारभार द्याल?” असे. माणसे तीच, प्रश्न निराळा. म्हणून उत्तरही निराळे.

३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले. मतपत्रिकेवर नसलेला तो पर्याय २० वर्षांनी खरा ठरला. १९९२ साली कोंकणी घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. मामीला मी पत्राने अभिनंदन कळवले. तिचे उत्तर आले, तेही मराठीत.

त्यानंतर कितीतरी निवडणुकांत मी चिठ्ठ्या वाटल्या, पत्रके लिहिली. प्रत्येक पत्रक छापण्याआधी ते न पटणाऱ्या एका तरी माणसाला वाचून दाखवायचे, असा नेम ठेवला. आपल्याला गोड लागणारा शब्द त्याला खारा लागतो का, ते तोच सांगू शकतो.

मामी आता नाही. मामेभाऊ मात्र दर दिवाळीला म्हापशाहून नेवऱ्यांचा डबा पाठवतो. आमच्याकडे त्यांना करंज्या म्हणतात. डबा उघडताना मी मात्र नातवंडांना हाक मारतो, “या रे, नेवऱ्या आल्या!”