गवतपड : जमीन राखणे म्हणजे काय?

आमच्या गडहिंग्लजच्या घरी एका लोखंडी ट्रंकेत आजोबांचे कागद आहेत. त्यांत माळावरच्या दीड एकराचा, १९५०नंतरच्या दशकातला सातबाराचा एक उतारा सापडला. पिकाच्या रकान्यात सलग दोन वर्षे एकच शब्द आहे : ‘गवतपड’. या एका शब्दाने आमच्या घरात तेव्हा मोठी धांदल उडवली होती. ती समजून घेताना मी जुने कायदे चाळू लागलो आणि पार इंग्लंडातल्या भाजीच्या वाफ्यांपर्यंत जाऊन पोहोचलो.

आजोबा त्या वेळी मुंबईत गिरणीत होते. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या भागांतली पुष्कळ माणसे तेव्हा अशीच गिरणगावात गेलेली. घरी आजी, दोन लहान मुले आणि एक म्हैस. नांगरट एकटीला झेपेना, म्हणून तिने माळावर गवत राखले. शेजाऱ्यांच्या मदतीने दिवाळीच्या सुमारास ते कापायचे, पेंढ्या बांधायच्या, गंज रचायची. त्यावर म्हैस पोसायची आणि म्हशीवर घर. दोन वर्षांनी कचेरीतून विचारणा आली, की जमीन पडीक का ठेवली? आजीने दिलेला जबाब घरात अजून सांगतात : “गवात म्हंजे पड व्हय? मग म्हस काय माती खाती?”

विचारणेला कायद्याचा आधार होता. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९४८चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आमच्याकडेही आला. कुळाला संरक्षण देणारा म्हणून तो आपल्याला ठाऊक असतो. पण त्याच्या ६५व्या कलमात वेगळीच गोष्ट आहे. लागोपाठ दोन वर्षे जमीन धारकाच्या कसुरीने लागवडीविना राहिली, किंवा तिचा शेतीसाठी पुरेपूर उपयोग झाला नाही, तर चौकशी करून सरकार तिचे व्यवस्थापन आपल्या हाती घेऊ शकते. म्हणजे मालकी शाबूत असली तरी जमीन नीट न राखणे हेही आता हस्तक्षेपाचे कारण ठरले.

हे पूर्वी असे नव्हते. मराठेशाहीत गावात मिरासदार आणि उपरी असे दोन प्रकारचे शेतकरी असत. मिरासदार गाव सोडून गेला तरी त्याची मिरास लगेच बुडत नसे. बऱ्याच वर्षांनी परतूनही तो ती मागू शके. ज्यांचे कूळच नाहीसे झाले त्यांच्या जमिनीला ‘गतकुळी’ म्हणत. पडीक जमीन वहितीला आणायची तर इस्ताव्याचा कौल मिळे : पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा, मग दरसाल वाढत वाढत पूर्ण. पडीक जमिनीवरचा उपाय म्हणजे सवलत, असा तो हिशेब होता.

इंग्रजी अमलात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६मध्ये इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी व आकारणी सुरू केली. त्या पद्धतीत शेत पेरा किंवा पडीक ठेवा, ठरलेला आकार भरावाच लागे. नको असेल तर राजीनामा देऊन शेत सोडायचे. तण किती माजले याच्याशी सरकारला कर्तव्य नव्हते. सारा आला की झाले.

मग विसाव्या शतकाच्या मध्याला सरकार बांधावर येऊन पीक का बघू लागले? उत्तर भुकेत आहे. १९४२मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथला तांदूळ थांबला. १९४३मध्ये बंगालात दुष्काळ पडला. ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम त्याच दिवसांतली. रेशनच्या काळात मोकळा माळ हा गुन्ह्यासारखा दिसू लागला, तर नवल नाही.

त्याच मोहिमेच्या धोरणातून मुंबईत रेल्वेने रुळांकडेची मोकळी जमीन आपल्या कर्मचाऱ्यांना भाजीसाठी परवान्यावर दिली. पालक, लाल माठ, मुळा यांचे ते वाफे लोकलच्या खिडकीतून अनेकांनी पाहिले असतील. भाजीही पिकावी आणि अतिक्रमणही होऊ नये, असा दुहेरी हेतू. तिथे पुढे तक्रार झाली ती नाल्याच्या पाण्याची. वाफे हिरवेगार होते, तरी ‘नीट राखले’ म्हणायचे का, हा प्रश्न उभा राहिलाच.

इंग्लंडात असे वाफे नगरपालिका आणि परिषदा भाड्याने देतात. त्यांना ‘अलॉटमेंट’ म्हणतात. नेहमीचा वाफा दहा रॉडचा, म्हणजे आपले अडीच गुंठे. १९२२च्या कायद्यात अशा बागेची कमाल मर्यादा पाव एकर आहे, आणि पीक मुख्यतः आपल्या कुटुंबाच्या खाण्यासाठी हवे. भाडेपट्ट्यात तण काढण्याची आणि जमीन सकस ठेवण्याची अट असते. तिथले तंटे याच अटीवरून. एखादा आजारी पडतो, एखादी बाई फुलपाखरांसाठी कोपऱ्यात रानगवत राखते. पाहणीला आलेल्या माणसाला ते तण दिसते आणि नोटीस निघते. परिषदेचीही बाजू आहे : वाफ्यासाठी नाव नोंदवून माणसे वाट बघत असतात, आणि एकाच्या तणाचे बी शेजाऱ्याच्या वाफ्यात पडते.

पण मी थबकलो तो १९०८च्या कायद्यातल्या एका कलमापाशी. नियम न पाळणाऱ्याला महिन्याची नोटीस देऊन वाफा काढून घेता येतो, आणि जो त्या गावाच्या हद्दीबाहेर एक मैलाहून दूर राहायला गेला, त्यालाही. वाचताना लालबागच्या चाळीत राहणारे आजोबा आठवले. राखणे म्हणजे जवळ असणे, हे दोन्हीकडच्या कायद्यांनी गृहीत धरले होते. पोटासाठी दूर गेलेल्या माणसाच्या मागे घरातली बाई जमीन राखत असते, ही गोष्ट रकान्यात बसत नव्हती.

गंमत अशी, की आजीचे म्हणणे कायद्याच्याच बाजूचे होते. त्याच १९४८च्या कायद्यात ‘शेती’ची व्याख्या आहे आणि तीत पिके व बागायतीबरोबर गवत वाढवणेही येते. आजीला कलम ठाऊक नव्हते, म्हैस ठाऊक होती. ‘गवतपड’ या शब्दाचा पूर्वार्ध तिने वाचला, उत्तरार्ध कचेरीने. शेवटी आजोबा रजा काढून आले, गवत कापू लागणाऱ्या शेजाऱ्यांनी जबाब दिला आणि प्रकरण तिथेच थांबले. गिरणीतली बिनपगारी रजा मात्र त्यांना पुढे कित्येक महिने पुरली, असे आजी म्हणे.

म्हणून नोंदच नको, असे मला म्हणायचे नाही. आज गावात वाढलेल्या वसाहतींत मोकळ्या प्लॉटवर झुडपे माजतात, डास आणि साप होतात. तिथे नोटीस देणाऱ्याला दोष कसा देणार? प्रश्न एवढाच, की नोंद करणाऱ्याने राखणाऱ्याला विचारले का?

१५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. आता शेतकरी स्वतः मोबाईलवर पिकाची नोंद करतो. आजीच्या हातात पेन नव्हते, ते आज आमच्या हातात आले आहे. पण फोटो शेतात उभे राहूनच काढावा लागतो, म्हणजे पुण्या-मुंबईत गेलेल्या माणसाची अडचण तीच. आणि तिथेही चालू पड, कायम पड हे पर्याय आहेतच.

यंदा मी त्या माळावर गेलो होतो. गवत कमरेइतके उभे होते. आमची चुलत वहिनी विळा घेऊन आली होती. आता तिची जनावरे त्यावर जगतात. मी मोबाईल काढलेला पाहून ती म्हणाली, “भावजी, नीट बघून भरा हं. पड ल्ह्यू नगा.”