गॅस संपत नसतो

ठाण्याच्या आमच्या घरी हॉलमध्ये दीड टनाचा स्प्लिट एसी होता. बाबांनी २०११ साली घेतलेला. गेले दोन उन्हाळे तो एप्रिलच्या मध्यावर न चुकता रुसायचा. पंखा चालू, आवाज चालू, गारवा शून्य. मग मेकॅनिक यायचा, गेज लावायचा, "गॅस कमी झालाय" म्हणायचा आणि अठ्ठावीसशे रुपये घेऊन जायचा. घरात पुन्हा गार. मी पैसे देऊन मोकळा.

तिसऱ्या वर्षी नेहमीचा मेकॅनिक गावाला गेला होता म्हणून दुसरा आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. बाबा त्याला म्हणाले, "गॅस संपला असेल, दर वर्षी भरावा लागतो." त्यावर तो म्हणाला, "काका, गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे का, जळून संपायला?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. दुसऱ्या वर्षाला थर्मोडायनॅमिक्स होतं मला, आणि बरे मार्कही होते!

त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. एसीतला गॅस बंद नळीत गोल गोल फिरतो. आतल्या कॉइलमध्ये त्याची वाफ होते तेव्हा तो खोलीतली उष्णता शोषतो, कंप्रेसर त्याला दाबतो, बाहेरच्या कॉइलमध्ये तो पुन्हा द्रव होतो आणि ती उष्णता बाहेर टाकतो. हे चक्र वीस वर्षं चाललं तरी गॅस तेवढाच राहायला हवा. कमी झाला याचा अर्थ एकच, कुठेतरी भोक आहे. मग भोक न शोधता गॅस भरायची ही पद्धत आली कुठून? गेले दोन वीकेंड मी हेच वाचत बसलोय, आणि गोष्ट थेट आइन्स्टाइनपर्यंत गेली.

हो, तोच आइन्स्टाइन. १९२०च्या दशकात फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड भरत. तिन्ही विषारी. बर्लिनमध्ये एका रात्री फ्रिजमधून गॅस गळला आणि अख्खं कुटुंब झोपेत गेलं, ही बातमी आइन्स्टाइनने पेपरात वाचली. त्याने लिओ झिलार्ड या तरुण मित्राला हाताशी धरलं आणि १९२६पासून दोघं फ्रिजवर काम करू लागले. (अणुबॉम्बबद्दल रूझवेल्टला गेलेलं १९३९चं पत्र मुळात लिहिणारा झिलार्ड तो हाच.) त्यांचा विचार अगदी इंजिनिअरी होता. गळती होते कुठून? पंपाच्या हलत्या भागांपाशी, सीलमधून. मग हलते भागच काढून टाका. सगळं वेल्डिंग करून बंद, आत चुंबकाच्या जोरावर ढकललेला द्रव धातू पंपाचं काम करेल. पेटंटं मिळाली, नमुने बनले. भोकच नाही तर गळणार काय!

त्याच सुमाराला अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये थॉमस मिजली नावाचा इंजिनिअर त्याच प्रश्नावर दुसऱ्या टोकाने भिडला होता. गळतंय ना? गळू दे. गळल्यावर कुणी मरणार नाही असा गॅसच बनवू. १९२८मध्ये त्याच्या टीमने क्लोरिन आणि फ्लुओरिन असलेला असा गॅस शोधला. १९३०मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजलीने तो छातीभर ओढून घेतला आणि हळूच सोडून मेणबत्ती विझवली. म्हणजे विषारीही नाही आणि पेटतही नाही. एका फुंकरीत दोन गोष्टी सिद्ध! हाच फ्रिऑन. (पेट्रोलमध्ये शिसं घालायची कल्पनाही याच माणसाची. एका माणसाने वातावरणाला किती छळावं याला काही मर्यादा?)

फ्रिऑन आला आणि आइन्स्टाइन-झिलार्डचा फ्रिज कधी बाजारात आलाच नाही. त्याचा पंप आवाज फार करायचा, मंदीही होती, ही कारणं आहेतच. पण एकदा गॅस निरुपद्रवी ठरल्यावर गळती बंद करायला जास्तीचे पैसे कोण मोजणार?

माझ्या मते आपल्या एप्रिलच्या बिलाचं मूळ इथे आहे. सल्फर डायऑक्साइड गळला तर मिनिटात नाक सांगायचं, माणसं घराबाहेर पळायची, दुरुस्ती करावीच लागायची. नव्या गॅसला ना वास, ना रंग, ना त्रास. गळाला तर काय होतं? थोडं कमी गार होतं, बस्स. गळती हा अपघात राहिला नाही, मेंटेनन्स झाला.

आमच्या एसीत होता आर-२२. मिजलीच्या गॅसचा धाकटा भाऊ. १९७४मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं की हे गॅस वर जाऊन फुटतात आणि त्यातला क्लोरिन ओझोन खातो. १९८५मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र जगापुढे आलं आणि १९८७मध्ये माँट्रियलचा करार झाला. आर-२२ ओझोनला मिजलीच्या पहिल्या गॅसच्या विसाव्या हिश्शाएवढाच त्रास देतो, म्हणून त्याला मुदत जास्त मिळाली. पण मुदतच ती. श्रीमंत देशांत तो २०२०मध्ये जवळपास बंद झाला. भारतासारख्या देशांसाठी पायऱ्या आहेत: २०१५मध्ये १० टक्के कपात, २०२०मध्ये ३५, २०२५पासून ६७.५ आणि २०३०मध्ये ९७.५ टक्के. म्हणजे जुना एसी सांभाळणाऱ्याला त्याचा गॅस दर काही वर्षांनी आणखी दुर्मीळ होत जाणार.

ओझोन सोडा, तापमानवाढीचा हिशोब बघा. एक किलो आर-२२ म्हणजे शंभर वर्षांच्या मोजणीत सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइड. दोन वर्षांत आमच्या घरातून निदान दीड किलो तरी हवेत गेला असेल. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो. माझी बाइक लिटरला पंचेचाळीस देते. गणित केलं तर पन्नास हजार किलोमीटरच्या वर जातं. सात वर्षांत ती तीस हजारही चाललेली नाही. आणि यासाठी मी छप्पन्नशे रुपये मोजले, वर मेकॅनिकला चहा :-)

असो. नव्या मेकॅनिकने नळीत नायट्रोजन दाबून भरला, सांध्यांवर आणि आतल्या कॉइलवर साबणाचा फेस लावला आणि दहा मिनिटांत भोक दाखवलं. कॉइलच्या वळणावर, टाचणीच्या टोकाएवढं. बारीक बुडबुडे येत होते. खाडीजवळच्या हवेत तांबं असं खातंच, म्हणाला. हे पहिल्याच वर्षी झालं असतं तर टाका मारून, व्हॅक्यूम करून, एकदाच गॅस भरून काम झालं असतं. आता कॉइल तीन ठिकाणी गेलेली. नवी साडेआठ हजार, तीही या मॉडेलची मिळाली तर. शिवाय गॅस, शिवाय मजुरी.

मी विचारलं, यातच नवा आर-३२ भरता येणार नाही का? तो हसला. आर-३२चं प्रेशर दीडपटीच्याही वर, कंप्रेसरचं तेल वेगळं, आणि तो थोडाफार पेट घेणारा. जुन्या मशीनमध्ये तो भरून देतो म्हणणारा भेटला तर दार लावून घ्या, म्हणाला.

शेवटी बाबांनी नवा एसी घेतला, आर-३२चा. ओझोनला शून्य त्रास, तापमानवाढीचा आकडा ६७५, म्हणजे आधीच्यापेक्षा बराच कमी, पण शून्य नाही. बाजारात आर-२९०वाले एसीही आहेत. तो म्हणजे चक्क प्रोपेन, आकडा जवळपास काहीच नाही, पण पेटतो. मिजलीने शंभर वर्षांपूर्वी जी भीती घालवली ती घेऊन आपण फिरून तिथेच.

नवा बसवताना या मेकॅनिकला आम्ही एकच गोष्ट बजावली: सांधे घट्ट कर, घाई नको, व्हॅक्यूम पूर्ण होऊ दे. तो अर्धा तास पंप लावून बसला. बाबा शेजारी खुर्ची टाकून.

जुन्याच्या बाहेरच्या युनिटमध्ये थोडा आर-२२ उरला होता, तो मेकॅनिकने व्हॉल्व्ह बंद करून आतच कोंडून ठेवला. भंगारवाल्याला फोन केला, त्याला विचारलं गॅसचं काय करणार. "पकडीनं पाइप कापतो दादा, दोन मिनिटं फुस्स होतं, मग उचलतो." मी नको म्हटलं. गॅस सिलिंडरमध्ये काढून घेणारं कुणी मिळतं का ते शोधतोय. तीन आठवडे झाले, युनिट गॅलरीतच आहे आणि आईने त्यावर तुळशीची कुंडी ठेवली आहे.