टंचाईतली किर्लोस्करवाडी

कराडहून रेल्वेने मिरजेकडे जाताना किर्लोस्करवाडी लागते. बेळगावातून उठावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना 1910 साली औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी इथल्या निवडुंगाच्या माळावर नांगरांच्या कारखान्यासाठी जागा दिली. पहिल्या महायुद्धात विलायती माल आटला म्हणून कारखाना तरला, असं कुणी म्हणेल. पण त्याच युद्धाने लोखंड आणि कोळशाचा पुरवठाही तोडला. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले गेले. हे निभावलं ओतशाळेतल्या माणसांनी, आणि ती माणसं टिकली, कारण लक्ष्मणरावांनी यंत्रांबरोबरच कामगारांची वसाहत उभारली. शिक्षा भोगून आलेल्यांनाही पहारेकरी म्हणून नेमलं. एकाच मालकाच्या गावात कामगार मिंधा होतो, हा आक्षेप खराच आहे. तरी अडचणीच्या काळात त्याला घर आणि विश्वास देणं, हाच लक्ष्मणरावांचा सर्वांत शहाणा निर्णय होता.