नकाराचा आणि परतीचा हक्क : धर्मांतराच्या नीतिविचाराची प्रस्तावना

धर्मांतराच्या नीतिविचाराकडे पहिल्यांदा वळणाऱ्या वाचकाने फार लांबून सुरुवात करण्याची गरज नाही. वाशीम जिल्ह्याचे सहा तालुके त्याला पुरेसे आहेत. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, आणि त्याच गावात जैन भट्टारकांची जुनी पीठे. मालेगाव तालुक्यात शिरपूरचा अंतरिक्ष पार्श्वनाथ, मानोऱ्यात बंजारा समाजाची पोहरादेवी, मंगरूळपीरला दर्गा, वाशीम शहरात नाझरीन मिशनचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. शिवाय गावोगावी बौद्ध वस्त्या आणि विहार. इथे अनेक धर्म शेजारी नांदतात, एवढेच या यादीतून कळते. पण एखादा माणूस एका धर्मातून दुसऱ्यात जातो तेव्हा त्याला बोलावणाऱ्यांनी, अडवणाऱ्यांनी, घरच्यांनी आणि सरकारने कसे वागावे, हे त्यातून कळत नाही. त्या प्रश्नापासून आपले क्षेत्र सुरू होते.

1956 हे वर्ष या अभ्यासाचे उत्तम प्रवेशद्वार आहे. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते आणि वऱ्हाड-नागपूरसह सारा प्रदेश 31 ऑक्टोबरपर्यंत मध्य प्रदेश राज्यात होता. त्या राज्याने 1954 साली नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी समिती नेमली. समितीचा अहवाल 1956 मध्ये आला. शाळा, दवाखाने आणि अनाथालये यांचा वापर धर्मांतरासाठी होतो, असा ठपका तिने ठेवला आणि वैद्यकीय सेवेचा असा वापर कायद्याने रोखावा अशी शिफारस केली. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला, त्याच राज्यातल्या नागपुरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खू चंद्रमणींकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. त्या सोहळ्यात दीक्षा घेणाऱ्या नामवंतांमध्ये स्वतः न्या. नियोगीही होते.

यात विसंगती शोधून हसणे सोपे आहे. अभ्यासकाने मात्र इथे थांबून विचारावे की, काही धर्मांतरांना अयोग्य ठरवणारा माणूस स्वतः धर्मांतर करतो, तेव्हा त्याच्या मनात योग्य-अयोग्याची कोणती रेषा असावी? आणि ती रेषा आपल्याला पटते का?

सर्वांत प्रचलित रेषा हेतूची आहे. मनापासून केलेले ते खरे, लाभासाठी केलेले ते खोटे. ही कसोटी ऐकायला स्वच्छ वाटते, पण वापरायला गेले की गोंधळ उडतो. आंबेडकरांनी धर्म बदलण्याची येवल्याची घोषणा 13 ऑक्टोबर 1935 रोजी केली. पुढच्या मे महिन्यात मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी धर्मांतराचा ऐहिक आणि आध्यात्मिक अशा दोन्ही बाजूंनी ऊहापोह केला आणि ऐहिक बाजू लपवली नाही. धर्म हा घरासारखा किंवा अंगरख्यासारखा बदलण्याचा विषय नाही, असा गांधीजींचा आक्षेप होता. पण ज्याला पाणवठ्यावर पाणी भरू दिले जात नाही, त्याला माणूस म्हणून उभे राहायला मिळणे हा लाभ म्हणायचा की श्रद्धेचा गाभा? पोटापाण्याची सोय आणि आत्मसन्मान यांची वाटणी बाहेरून कुणाला करता येत नाही. शिवाय जन्माने मिळालेल्या धर्मात राहणाऱ्याचा हेतू कुणी तपासतो का? वतन, विवाहसंबंध, भीती आणि सवय हीही राहण्याची कारणे असतात.

म्हणून या प्रस्तावनेचे म्हणणे असे की, हेतूपेक्षा परिस्थिती तपासावी. माणसाला प्रश्न विचारता आले का? नकार देता आला का? आणि उद्या मन बदलले तर परतता येईल का? ही तीन उत्तरे मिळाली की नैतिक निवाड्याला पाय मिळतात. येवला ते नागपूर यांत 21 वर्षे गेली. वाद, टीका आणि शीख धर्माचा गांभीर्याने केलेला विचार, हे सारे उघड्यावर झाले. मोठ्या समूहाच्या धर्मांतरात प्रत्येकाला नकाराची किती मोकळीक असते, हा प्रश्न तरीही उरतो, आणि तो टाळू नये. नागपुरात दीक्षेच्या वेळी दिलेल्या 22 प्रतिज्ञांचेही तसेच. जुन्या देवतांचा जाहीर नकार हा मुक्तीचा भाग की शेजाऱ्याच्या श्रद्धेला धक्का, यावर गंभीर वाचकांत मतभेद होतील, आणि ते व्हायला हवेत.

एकोणिसाव्या शतकातला महाराष्ट्र या कसोट्यांना भरपूर खाद्य पुरवतो. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्रींचे ख्रिस्ती धर्मात धर्मांतर झाले तेव्हा त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. न्यायालयाने त्याला वडिलांकडे परत पाठवले, पण त्याला जातीत परत घ्यायचे की नाही यावर वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले. एकाच प्रकरणात संमतीचे वयही आहे आणि परतीचा बंद दरवाजाही. मिशनऱ्यांना दोष देणारे सनातनी स्वतः त्या मुलाची परतीची वाट अडवत होते.

पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरही चर्चच्या अधिकाऱ्यांशी सिद्धांतांवरून वाद घातला. धर्म बदलला म्हणून त्यांनी स्वतःची बुद्धी गहाण टाकली नाही. पण 1893 साली विधवांसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदनातल्या काही विद्यार्थिनी त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आश्रय देणारी आणि प्रार्थना करणारी व्यक्ती एकच असेल, तर आश्रित विधवेचा होकार कितपत मोकळा? आणि तिला प्रार्थनेपासून दूर ठेवणे हाही तिच्या मनावर पहारा नव्हे का? नियोगी समितीने दवाखान्यांबद्दल विचारलेला प्रश्न मुळात हाच होता.

मागे राहणाऱ्यांचा विचार तर आपण जवळजवळ करतच नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्यांनीही तो धर्म स्वीकारला, पण आपल्या गतीने. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र त्या दृष्टीने पुन्हा वाचावे.

यात सरकारही तटस्थ नसते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माला जोडला. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. दलित ख्रिस्ती आणि मुस्लीम अजून बाहेर आहेत. म्हणजे एका दिशेने जाणाऱ्याला राज्य किंमत मोजायला लावते. 1968 मध्ये मध्य प्रदेशाने धर्मांतरावर कायदा केला. वाशीम तोवर महाराष्ट्रात आले होते. 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे ठरवले. महाराष्ट्र सरकारनेही फेब्रुवारी 2025 मध्ये अशा कायद्याच्या अभ्यासासाठी समिती नेमली. या सगळ्यात बाहेर नेणाऱ्या दबावाची चर्चा खूप आहे. आत धरून ठेवणाऱ्या दबावाची दखल घेणारा, 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मात्र या चर्चेत क्वचित येतो. धर्मांतरावरचा आणि बहिष्कारावरचा, असे दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचावेत.

नव्या अभ्यासकाला एकच पथ्य सांगावेसे वाटते. वरचे तीन प्रश्न सगळ्यांना सारखेच लावावेत. मिशनच्या प्रार्थनेला, मशिदीतल्या कलम्याला, दीक्षा सोहळ्याला, आणि जानेवारी 2023 मध्ये जामनेर तालुक्यातल्या गोद्री येथे भरलेल्या बंजारा कुंभासारख्या, धर्मांतर रोखण्याच्या आणि ‘घरवापसी’च्या प्रयत्नांनाही. आपल्याला प्रिय असलेल्या प्रकरणात कसोटी सैल करण्याचा मोह होईल. नेमकी कुठे ती सैल करावीशी वाटली, ते टिपून ठेवावे. आपला पूर्वग्रह कुठे दडला आहे, हे त्या टिपणातून दिसते, आणि पुढचे वाचन कुठल्या दिशेने करावे हेही तेच सांगते.